साहेबापुरतं कुंकू

तानूमावशी कुंकू लावायची ती फक्त साहेब येणार असेल त्या दिवशी. एरवी तिचं कपाळ कोरं. पंचायत समितीचा साहेब तपासणीला येणार अशी वर्दी आली, की ही बाई सकाळीच चावडीपुढं सडा घालायची, गावच्या अकरा कंदिलांच्या काचा राखेनं लख्ख करायची आणि सगळं उरकलं, की चावडीच्या कोनाड्यातली डबी काढून रुपयाएवढं ठसठशीत कुंकू लावायची. साहेबाची जीप खिंड चढून पलीकडं गेली, की पदराचं टोक ओलं करून पुसून टाकायची. काचेवरची काजळी पुसावी तितक्या सहज.

हे मला पहिल्या दिवशी ठाऊक असतं तर माझी फजिती टळली असती. मी वडूजकडचा, उभ्या जन्मात छत्री न वापरलेला माणूस. ग्रामसेवक म्हणून पहिली नेमणूक मिळाली ती सातारा जिल्ह्याच्या पार पश्चिमेला, आडदरे नावाच्या गावात. एसटी खिंडीपर्यंतच, पुढं डोक्यावर वळकटी घेऊन दीड तास चालायचं. मी चावडीवर पोचलो तेव्हा चाळिशीतली एक काटक बाई दारात उभी होती, कपाळावर भलंमोठं कुंकू. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि "या सायेब" म्हणून बाजूला सरली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बाई चावडी झाडत होती आणि कपाळ पांढरं होतं.

मी हादरलोच. रातोरात बाईवर केवढा प्रसंग ओढवला, आणि तरी ही कामावर आलीय! टोपी काढून मी तिच्याजवळ गेलो आणि आवाज शक्य तितका खाली आणून म्हणालो, "मावशी, फार वाईट झालं. कधी गेले?"

"कोन?"

"तुमचे मालक."

"त्येला दोन वर्सं झाली की."

"अहो, पण काल तर तुम्ही..."

"काल तुमी सायेब हुता," ती म्हणाली. "सांच्याला आबांनी सांगितलं, ह्यो सायेब न्हवं, आपला ग्रामशेवक हाय. मग पुसलं." आणि केरसुणी माझ्या पायाशी आपटून म्हणाली, "वाईच सरा, भाऊसाब."

त्या दिवसापासून मी तिचा भाऊसाब झालो. माझ्यासाठी म्हणून तिनं पुन्हा कधी कुंकू लावलं नाही. तेव्हा मला त्याचं नुसतं हसू आलं होतं. तो केवढा मान होता हे कळायला पुढं बरीच वर्षं जावी लागली.

आबा म्हणजे आमचे सरपंच. खरी भानगड त्यांनी मला विश्वासात घेऊन सांगितली. तानूमावशीचा नवरा मारुती हा ग्रामपंचायतीचा शिपाई. दवंडी देणं, नोटिसा बजावणं आणि रोज दिवेलागणीला गावातले अकरा कंदील लावणं ही त्याची कामं. एका पावसाळ्यात, ओढ्यांनी वाट अडवलेली असताना, चार दिवसांच्या तापानं तो गेला. मागं ही बाई आणि एक मुलगी. काम तिलाच द्यावं असं सगळ्या गावाचं मत. आबांनी तालुक्याला तोंडी विचारलं, तर तिथला साहेब म्हणाला, "बाईमाणसाला दिवाबत्ती? नियमात बसत नाही." आबा म्हणाले, "मग नियमात मारुतीच बसू दे." आणि हजेरीपटावर मारुतीचं नाव तसंच राहिलं. काम बायकोचं, अंगठा बायकोचा, नाव नवऱ्याचं. मृत्यूची नोंदवहीही ग्रामपंचायतीचीच. तिच्यात मारुती शिरलाच नाही.

"कुणाला कळलं तर?" मी विचारलं.

"कळतंय कशानं?" आबा म्हणाले. "अंगठ्याला काय मिशा आसत्यात व्हय?"

कुंकवाची युक्ती मात्र मावशीची स्वतःची. ती म्हणायची, "कागद आंधळा आसतो, भाऊसाब. सायेब डोळस." कागदावर नवरा जिता आणि समोरची बाई पांढऱ्या कपाळाची, हे साहेबाच्या नजरेला खुपलं तर? म्हणून साहेबापुरतं कुंकू. गावातल्या बायका आधी कुजबुजल्या, मग सरावल्या. इतक्या, की मावशी कुंकू लावून पाणवठ्यावर दिसली की त्या घरी जाऊन नवऱ्यांना सांगायच्या, "आज सायेब येनार हाय, जनावरं रस्त्यात बांदू नगा."

आणि मी? मीही सरावलो. पहिले दोन-तीन महिने हजेरीपटावर मारुतीचं नाव लिहिण्याआधी मी चावडीचं दार लोटून घ्यायचो. मग हाताला वळण पडलं. चार वर्षं मी दर महिन्याला त्या मेलेल्या माणसाला हजर केलं.

तपासणीचा एक प्रसंग अजून आठवतो. एक साहेब न कळवता आला. घोड्यावरून आला, म्हणून जीपचा आवाजही नाही. मावशी कोनाड्याशी धावली तर डबी रिकामी. साहेब अंगणात पाय धूत होता. मावशीनं इकडंतिकडं पाहिलं, माझ्या टेबलावरच्या शिक्क्याच्या पॅडवर बोट टेकवलं आणि कपाळाला लावलं. जांभळं कुंकू. साहेब आत आला, चहा घेतला, दफ्तर तपासलं, आणि जाता जाता मला म्हणाला, "त्या बाईंचं कुंकू जांभळं कसं हो?" मी म्हणालो, "इकडं तशी पद्धत आहे साहेब." साहेबानं मान डोलावली. पण ती सरकारी शाई. आठवडाभर निघाली नाही. मावशीनं चिंचेनं घासलं, राखेनं घासलं, कपाळ सोलवटलं तरी जांभळा डाग हटेना. तितके दिवस ती पदर भुवयांपर्यंत ओढून फिरली. "पंचायतीनं शिक्काच मारला रं माज्यावर," ती म्हणाली, आणि आम्ही दोघं चावडीत पोट धरून हसलो. तिला हसताना मी पाहिलं ते असं मोजक्याच वेळा.

कामात मात्र ती कुणाचं ऐकणारी नव्हती. उन्हं डोंगराआड गेली, की खांद्यावर शिडी, हातात रॉकेलचा डबा, असं निघायचं. प्रत्येक कंदिलाची काच ती लावण्याआधी पुसायची, सकाळी पुसलेली असली तरी. "काच पुसली म्हंजी निम्मा उजेड," हे तिचं पालुपद. माझं आणि तिचं भांडण व्हायचं ते रॉकेलवरून. दर कंदिलाला सारखं रॉकेल, असा नियम. ही ज्या घरात आजारी माणूस किंवा बाळंतीण असेल तिथल्या खांबाला जास्त घालायची आणि पाटलाच्या दारातल्या खांबाला कमी. मी रजिस्टर पुढं केलं की म्हणायची, "वातीला इचारून त्याल घालावं, भाऊसाब. रजिस्टराला इचारून न्हाई." पाटील तक्रार घेऊन यायचा, आणि मला खोटं बोलावं लागायचं, की वात खराब आहे. त्या बाईपायी मी किती खोटं बोललो याचा हिशेब नाही. खोटं बोलायला मी भीत नव्हतो. खरं बोलायची वेळ आली तेव्हाच भ्यालो, ते पुढं येईलच.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पाठोपाठ आमच्या खोऱ्यात धरणाची माणसं आली. खालच्या अंगाला भिंत उभी राहायला लागली. खांबाखांबावर चुन्याच्या रेघा पडल्या. पाणी इथवर येणार. मावशीच्या अकरा कंदिलांपैकी सर्वांत उंचावरचा देवळापुढचा, तोही रेघेच्या खाली होता. निम्म्या गावाला जमीन मिळाली कोरेगावकडं, निम्म्याला सांगली जिल्ह्यातल्या पूर्वेच्या माळावर. सख्खे भाऊ दोन जिल्ह्यांत वाटले गेले. लोकांनी आंब्याची झाडं तोडून लाकूड विकलं, कौलं उतरवली, देवसुद्धा घोंगडीत गुंडाळून ठेवले. बिनकौलांच्या घरांत लोक स्वयंपाक करत होते. ते दिवस आठवले तरी अजून मला घास गोड लागत नाही.

मग ग्रामपंचायतीचा हुकूम आला. गावच राहणार नाही तर ग्रामपंचायत कशाला? 'आडदरे ग्रामपंचायत विसर्जित करण्यात येत असून उर्वरित मालमत्तेची विल्हेवाट ग्रामसेवकाने लावावी.' मी तो चावडीत मोठ्यानं वाचून दाखवला. गणपती विसर्जित करतात तशी पंचायतही विसर्जित करतात, हे गावाला पहिल्यांदाच कळत होतं. कोपऱ्यात काच पुसत बसलेली मावशी तेवढी म्हणाली, "वस्तूंची इल्हेवाट तुमी लावाल, भाऊसाब. मानसांची कोन लावनार हाय?"

मालमत्ता ती काय? आमच्याकडं जडसंग्रह नावाची एक नोंदवही असते. पंचायतीच्या मालकीचं जे जे हलवता येतं ते तिच्यात. आमच्या वहीत एक टेबल, दोन बाकं, लोखंडी पेटी, गावचा रेडिओ, देवळाजवळची घंटा, कोंडवाड्याचं कुलूप, एक शिडी आणि कंदील नग अकरा. रेडिओवरून कोरेगाववाले आणि सांगलीवाले असे भांडले, की ज्यांची शेतं बुडताना शब्द फुटला नव्हता ते एकमेकांच्या अंगावर धावून गेले. रेडिओ कोरेगावला गेला, घंटा सांगलीला. टेबल एकीकडं, पेटी दुसरीकडं. कंदील मात्र कुणालाच नको होते. नव्या गावठाणात वीज येणार असं सांगितलं होतं. माझ्या यादीत शेवटी उरले ते अकरा कंदील आणि ते लावायची शिडी.

आणि उरली तानूमावशी.

ज्याचं घर बुडेल त्याला नव्या गावठाणात घरापुरती जागा मिळणार होती. मावशीचं मातीचं घर बुडणार होतं, तेव्हा जागा तिचीच. पण घर होतं मारुतीच्या नावावर, आणि धरणग्रस्तांच्या यादीत शब्द होते, 'मारुती, कुटुंबप्रमुख, हयात'. जागेचा ताबा द्यायला पुनर्वसनाचा साहेब स्वतः येणार, आणि कुटुंबप्रमुखानं त्याच्यासमोर उभं राहून अंगठा द्यायचा. आबा डोक्याला हात लावून बसले. "आता आली का पंच्याईत," ते म्हणाले. "अंगठ्याला मिशा लागायची येळ आली."

मावशीच्या मुलीचं लग्न झालं होतं कोरेगावकडं. मुलगी म्हणत होती, आई, तू आमच्याकडंच ये. मावशी ऐकायला तयार नव्हती. "लेकीच्या घरी दोन दिस पावनी म्हनून जावं. तिच्या सासूच्या चुलीम्होरं म्हातारपन काडायचं न्हाई मला," ती म्हणाली. "दोन गुंठं का हुईनात, भाऊसाब, दार आपलं पायजे. येवडं करा." सहा वर्षांत तिनं माझ्याकडं, आबांकडं, कुणाकडंही काही मागितलं नव्हतं. हे एकच मागितलं.

खरं सांगायचं तर मार्ग सरळ होता. मारुती सहा वर्षांपूर्वी वारला असं लिहायचं. पण मग सहा वर्षांचे हजेरीपट खोटे ठरणार, आबा अडकणार, आणि त्यातल्या चार वर्षांपुरता मी. माझी नोकरी नुकतीच कायम झाली होती. घरी आई आणि दोन बहिणी. तेव्हा आबांनी दुसरा मार्ग काढला. मारुतीला आता मरू द्यायचं. तीन आठवड्यांपूर्वी, तापानं. हजेरीपटही शाबूत आणि बायकोला वारस म्हणून जागाही.

मी नोंदवही उघडली आणि लिहिलं. आबा माझ्या खांद्यावरून बघत होते. "मारुती, लेका," ते हळूच म्हणाले, "दोनदा मारतुय तुला. माफ कर गड्या." मावशी दाराशी बसली होती. मी वही मिटली तेव्हा ती म्हणाली, "तेराव्याचं जेवान घालावं लागतंय का परत?" ती चेष्टा होती की नाही, हे मला तिच्या तोंडाकडं बघून कळलं नाही.

पुढचे चार दिवस मी तिला शिकवत होतो. काय विचारतील, काय सांगायचं. "किती दिवस झाले?" "तीन आठवडं." "कशानं?" "तापानं." "वैद्य, डॉक्टर?" "वाट लांब हुती, सायेब." ती शाळकरी पोरीसारखी पाठ म्हणून दाखवायची. मी सगळं शिकवलं. जे शिकवायला हवं होतं तेच राहिलं, आणि ते मला सुचलं नाही, आबांना सुचलं नाही, आख्ख्या गावात एकालाही सुचलं नाही.

तो पंचायतीचा शेवटचा दिवस. मालमोटारी खिंडीखालच्या पटांगणात येऊन थांबल्या होत्या. चावडीच्या भिंतीला टेकून घंटा ठेवली होती, तिचा लोळा फडक्यात बांधलेला. साहेब सकाळीच आला आणि बाकावर बसून एकेकाला नावानं बोलवायला लागला. मी शेजारी रजिस्टरं घेऊन. मावशीचा पत्ता नव्हता. अंगण मात्र झाडलेलं होतं, सडा पडलेला होता. ज्या अंगणात महिन्याभरानं मासे फिरणार होते त्यात.

दुपारी पुकारा झाला, "मयत मारुती यांचे वारस." लोक बाजूला झाले आणि मावशी पुढं आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर. आणि कपाळावर रुपयाएवढं, ताजं, लालभडक कुंकू.

साहेब येणार म्हणून तिनं ते लावलं होतं. सहा वर्षांची सवय. सडा झाला, काचा झाल्या, की हात आपोआप कोनाड्याकडं जायचा, तसा त्याही दिवशी गेला. गावातल्या इतक्या बायकांनी तिला सकाळपासून पाहिलं असेल, पण त्यांनाही ते नेहमीचंच वाटलं. साहेब येणार होता ना!

मी तिच्याकडं बघून कपाळावर हात फिरवला. तिला वाटलं मी घाम पुसतोय. मी पुन्हा फिरवला. मग तिला उमगलं. तिचा हात झटकन वर गेला, कपाळापाशी थबकला आणि तसाच राहिला, कारण साहेब बघत होता.

"बाई, नवऱ्याला जाऊन किती दिवस झाले?"

"तीन आठवडं."

"मग हे काय?"

आमच्या पाठांतरात हा प्रश्न नव्हता.

"बाई, मी तुम्हाला विचारतोय."

"सवं हाय, सायेब," ती म्हणाली. इतकं खरं उत्तर त्या चावडीत त्या दिवशी दुसऱ्या कुणी दिलं नसेल.

"कसली सवय? नवरा आहे कुठं? मुंबईला पाठवलाय? जागेपायी जित्या माणसाला मारता तुम्ही लोक?" साहेब काही दुष्ट नव्हता. सकाळपासून त्याच्यापुढं दहा खोटे वारस येऊन गेले होते आणि हा अकरावा, असं त्याला वाटलं. मग तो माझ्याकडं वळला. "ग्रामसेवक, ही नोंद कुणाच्या सांगण्यावरून घेतलीत?"

एक वाक्य पुरेसं होतं. साहेब, हिचा नवरा सहा वर्षांपूर्वी गेला आणि खोटे आम्ही आहोत. इतकंच. मी आबांकडं पाहिलं. आबा जमिनीकडं बघत होते. मी मावशीकडं पाहिलं नाही.

"अर्जदाराच्या," मी म्हणालो.

सरकारी कागदात हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. त्या दिवशी त्यानं एका बाईचं घर नेलं.

"व्हय सायेब," मावशी लगेच म्हणाली. "म्याच सांगितलं हुतं. भाऊसाबांचा त्यात काय दोस न्हाई."

साहेबानं लिहिलं: अर्जदार महिलेचे कपाळी कुंकू आढळून आले. सबब पती हयात असावा. मृत्यूची नोंद रद्द. पती स्वतः हजर राहिल्यास जागेचा विचार व्हावा. खाली सही. मावशीनं विचारलं, "काय लिवलं?" मी वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य ऐकून ती मान हलवत म्हणाली, "त्यो कसला हजर ऱ्हातोय."

तासाभरात पंचायत संपली. शिक्का साहेबानं ताब्यात घेतला, रजिस्टरं तांबड्या फडक्यात बांधली गेली. आता नोंद सुधारायची म्हटली तरी सुधारणार कोण? पंचायतच नव्हती. तालुक्याला जाऊन मी खरं सांगू शकलो असतो. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, त्यानंतर कुठल्याही दिवशी. मी गेलो नाही. जायचं मनात आणून दोनदा एसटीत बसलो आणि दोन्हीदा दुसऱ्याच कामाला उतरलो.

एवढं मात्र केलं. दफ्तर बांधण्याआधी जडसंग्रहाची वही काढून शेवटच्या पानावर लिहिलं: कंदील नग अकरा, शिडी नग एक, ताबा श्रीमती तानूबाई. त्या कागदाच्या आधारावर मी तिला सामानाबरोबर सांगलीकडच्या मालमोटारीत बसवलं. तिथं सरकारनं एक पत्र्याची शेड बांधली होती. कंदील शेडमध्ये राहतील, आणि कंदिलांची राखण म्हणून मावशी. सहा वर्षं जिनं गाव उजळलं तिचं नाव पंचायतीच्या दफ्तरात आलं ते त्या एका ओळीत, जडसंग्रहात. मोटार सुटताना ती कंदिलांच्या मध्ये बसली होती, दोन्ही हातांनी काचा धरून. कपाळावरचं कुंकू तसंच होतं. पुसायचं तिला सुचलं नसावं, किंवा पुसून आता काही उपयोग नव्हता.

मी बढती घेत गेलो. पाच वर्षांनी विस्तार अधिकारी झालो आणि नेमणूक आली सांगली जिल्ह्यातल्या त्याच पूर्वेच्या तालुक्यात. पहिल्याच महिन्यात टेबलावर कागद आला. 'माजी आडदरे ग्रामपंचायतीचे निरुपयोगी साहित्य शेडमध्ये पडून असून एक इसम विनापरवाना वास्तव्यास आहे. नवीन ग्रामपंचायतीस सदर शेड आवश्यक आहे. तरी विल्हेवाट व्हावी.' विल्हेवाटीला मीच सापडलो. दुसऱ्याला पाठवता आलं असतं. पण वाटलं, आपण गेलो तर काही तरी करू.

काय केलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी आशा धरायला नको. कंदिलांना गिऱ्हाईक मिळालं नाही. वीज आली होती. मी ते निकामी म्हणून वहीतून कमी केले. शेड मोकळी करून दिली. मावशीनं कंदील एकेक करून माझ्यापुढं मांडले. पाच वर्षांत एक काच तडकलेली नव्हती. "बगून घ्या. काच पुसली म्हंजी निम्मा उजेड," ती म्हणाली, आणि निम्मा उजेड कुणासाठी हे विचारायची माझी छाती झाली नाही. त्या संध्याकाळच्या एसटीनं ती लेकीकडं गेली, ज्या चुलीपुढं जायचं नाही म्हणून तिनं सगळं केलं होतं तिथं. वर्षभरात वारली. मारुतीच्या मृत्यूची नोंद त्या साहेबानं रद्द केली ती कुणीच परत घेतली नाही. कागदोपत्री मारुती अजून हयात आहे, आणि कागदोपत्री बघाल तर तानूमावशी अहेव गेली.

पण मला रोज आठवतं ते यातलं काही नाही. आठवतं ते शेडचं दार.

मी जीपमधून उतरलो. माळावर झाड म्हणून नव्हतं. शेडपुढची हातभर जागा झाडून सडा घातलेला होता. दारात मावशी उभी होती, पार वाळलेली, केस पांढरे झालेले, हातात पाण्याचा तांब्या. आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"या सायेब," ती म्हणाली आणि बाजूला सरली.

तिनं मला ओळखलं नसेल असं वाटून मला खरं तर हायसं वाटलं. साहेब येणार एवढंच तिला कुणी सांगितलं असेल; नोटिशीखालचं माझं नाव तिला कोण कशाला वाचून दाखवतोय. तरी राहवलं नाही. तांब्या हातात घेत मी म्हणालो, "मावशी, अहो, मी. आडदऱ्याचा भाऊसाब."

"वळखलं की," ती म्हणाली. "वळखलं म्हनून तर लावलं."